चाकाची गव्हाण

रात्रभर भुरभुर चालू होती, त्यामुळे सकाळी गोठ्यात काय दिसणार ते मला उठायच्या आधीच ठाऊक होतं. लेकीला, नेहाला, कडेवर घेऊन मागं गेले. गंगू म्हैस चिखलात उभी राहून स्वतःच्याच खुराखालचा कडबा ओढत होती. धाटाचं एक टोक तोंडात, दुसरं पायाखाली. ओढायची, सुटायचं नाही, मग मान वर करून माझ्याकडं बघायची, जसा काही पाय मीच ठेवलाय.

"आत्याबाई, हिनं आजही नाही खाल्लं."

सासूबाई पलीकडच्या म्हशीची धार काढत होत्या. "शेणात कालवून दिल्यावर तू खाशील का?"

"मी नाही कालवलं."

"तू कालवलंस कोण म्हणतंय?" चरवीतला धारेचा आवाज पातळ येत होता. त्यांनी आचळ सोडलं, हात पदराला पुसले आणि उठताना कंबरेवर मूठ दाबली. "बस. आटलं हिचं."

दगडी गव्हाण पावसाळ्याच्या तोंडाशी बसली. खालची माती वाहून गेली आणि मधले दोन दगड तोंडावर पडले. दुसऱ्या कुठल्या घरी हे दुपारभराचं काम झालं असतं. पण आमच्या घरी दगडाला हात लावायचा म्हणजे आधी वकिलाला फोन. शहराबाहेर, घटकेसरच्या पुढची ही जमीन माझे सासरे हिम्मतराव आणि त्यांचे धाकटे भाऊ एकनाथराव यांच्यात कोर्टात पडलेली. निकाल लागेपर्यंत सगळं आहे तसं ठेवा, असा हुकूम. नवीन वीट लावली की हुकूम मोडला. आणि म्हशी विकल्या की आमचा ताबा गेला, कारण आमची जनावरं इथं बांधलेली असतात, एवढंच आमच्या बाजूनं बोलण्यासारखं होतं. जमीन गेली की तिच्यावरच्या आमच्या दोन पत्र्याच्या खोल्याही गेल्या. शहरातली गौलीगुड्याची भाड्याची जागा तर आम्ही कधीच सोडलेली.

म्हणून म्हशी ठेवायच्या, पण त्यांना खायला घालायची जागा बांधायची नाही. कुंपणाच्या पलीकडून एकनाथकाकांचा सुमित रोज सकाळी मोबाइल घेऊन हजर. आमच्या गोठ्याचा फोटो काढायचा आणि वर विचारायचा, "वहिनी, चहा झाला का?"

"झाला."

"तुमच्या मामाला म्हणावं, दगड उचलू नका हौ. कंबर धरंल."

सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते आतून ऐकत असायचे आणि सुमित गेल्यावर ज्या शिव्या द्यायच्या त्या आम्हा दोघींच्या अंगावर देऊन मोकळे व्हायचे.

गौतम, माझा नवरा, चर्लापल्लीला दवाखान्याच्या खाटा बनवणाऱ्या कारखान्यात ड्रॉइंग करतो. त्यानं पंधरवडाभर जेवताना ताटाशेजारी मोबाइल ठेवून काहीतरी रेघोट्या ओढल्या. मी विचारलं की म्हणायचा, "ठैर ना जरा. आल्यावर बघ."

एका रविवारी टेम्पोतून ते उतरलं. लांबलचक पन्हळीसारखा गोल बुडाचा पत्रा, पाच म्हशींची तोंडं मावतील एवढा. त्याला दवाखान्याच्या स्ट्रेचरसारखे कात्रीचे घडीचे पाय, पायांना चार चाकं, चाकांना पायानं दाबायचे ब्रेक. रंग फिकट हिरवा. टेम्पोवाला उतरवताना दोनदा म्हणाला, "अन्ना, हॉस्पिटल किधर है?"

मामा ओसरीवरून उतरून आले. भोवती एक फेरी मारली. "पेशंट कुठंय?"

"बाबा, ही गव्हाण आहे. पोर्टेबल."

"म्हणजे?"

"कुठंही नेता येते. बांधकाम नाही. सुमितनं हजार फोटो काढू देत."

"गव्हाण कुठं नेतात रे? तीर्थाला?" मामांनी एका चाकाला चपलेनं ढोसलं. चाक गर्रकन फिरलं. "जनावर गव्हाणीपाशी येतं. गव्हाण जनावराकडं जात नाही."

आत्याबाईंनी पत्र्यावरून हात फिरवला. "गुळगुळीत आहे. पुसायला बरं." तेवढी एकच शाबासकी त्या दिवशी त्याला मिळाली. माझं सगळं लक्ष त्या कात्रीच्या सांध्याकडं होतं. पाय मिटताना दोन पट्ट्या एकमेकींवरून सरकत आणि मध्ये बरोबर नेहाच्या बोटांएवढी फट राही.

"हे इथं झाकायला हवं."

"झाकू गं. आधी चालतंय का बघू."

चाललं ते. अगदी शब्दशः. कडब्याची कुट्टी भरून, वरून भिजवलेली सरकी पेंड पसरून आम्ही ते म्हशींपुढं उभं केलं. गंगूनं वास घेतला, खाल्लं, मग तळाशी राहिलेली पेंड मिळेना म्हणून कपाळ लावून रेटा दिला. गव्हाण निघाली. मागोमाग पाचही म्हशी जेवता जेवता चालू लागल्या, दावी ताणेपर्यंत. गौतम "ब्रेक, ब्रेक" म्हणत धावला आणि चिखलात गुडघ्यावर बसला. पलीकडून सुमितचं हसणं ऐकू आलं.

"फोटो नाही, व्हिडिओ काढतोय तो," मामा म्हणाले आणि आत गेले.

ब्रेक लावल्यावर मात्र म्हशी खाऊ लागल्या. हे कबूल करायलाच हवं. कडबा कोरडा राहिला, खुरांत कुजेना, आठवड्यात गंगूच्या बरगड्या बुजल्या आणि चरवीतला आवाज पुन्हा जाड झाला. गौतम रोज रात्री विचारायचा, "आज किती निघालं?" आणि ऐकून असा झोपायचा, जशी त्यानंच धार काढली.

पण वकिलानं एक अट घातली होती. एकाच जागी ती उभी राहिली की समोरचे म्हणतील, पक्की केली. म्हणून रोज संध्याकाळी ती गोठ्यातून काढून ओसरीवर आणायची, सकाळी पुन्हा न्यायची. ही अट गौतमनं मान हलवून मान्य केली आणि सकाळी पावणेआठच्या बसनं कामाला गेला.

ओढायच्या आम्ही दोघी. चाकं दवाखान्याची, फरशीवर पळणारी. आमच्या चिखलात ती पहिल्या हातभर अंतरात रुतायची आणि मग चाक न फिरता नांगरासारखं जमीन फाडत यायचं. मी पुढून ओढायची, आत्याबाई मागून लोटायच्या. पुढं फळी टाकायची, फळीवरून न्यायची, मागची फळी उचलून पुन्हा पुढं. हे करताना नेहा कुठं? खाली ठेवावी तर दावणीत शिरते, खाटेवर ठेवावी तर उतरते. मग एका हातानं ती धरायची, दुसऱ्या हातानं गव्हाण. गव्हाणीला धरायला काही नव्हतंच. पत्र्याची कड धरायची, ती बोटांत रुतायची. संध्याकाळी भाकरी थापताना तळवे चुरचुरत.

"ब्रेक सोडला होतास ना?" गौतमनं एकदा विचारलं.

मी थापलेली भाकरी तशीच परातीत ठेवली. "काय?"

"नाही, ब्रेक लागलेला असला तर जड जातं."

"ब्रेकमध्ये शेण भरलंय. तो लागत पण नाही आणि सुटत पण नाही."

"रोज धुवायचा."

आत्याबाई चुलीपाशी होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "उद्या सुट्टी घे अन् धू."

सुट्टी काही त्यानं घेतली नाही.

मामा यातलं काही करत नसत. ओढताना आमच्याकडं बघतही नसत, लाज वाटायची म्हणून की राग यायचा म्हणून, मला कधी कळलं नाही. एकदा मात्र मी फळी उचलत असताना म्हणाले, "गव्हाण जागेवर असली की म्हैस जागेवर राहते. म्हैस राहिली की माणूस राहतो. हे रोज बिऱ्हाड उचलल्यासारखं करताय तुम्ही."

"मामा, वकिलानं सांगितलंय."

"वकील गौलीगुड्यातल्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याच्या बापानं म्हैस बघितली नाही."

मग कळलं की कोर्टानं नेमलेल्या वकीलबाई जागा बघायला येणार आहेत. कमिशनर म्हणतात त्यांना. इथं कोणाची जनावरं आहेत, नवीन काही बांधलंय का, ते बघून कोर्टाला लिहून देणार. दिवस नेमका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

बैल आमच्याकडं नाहीत, तरी पोळा आत्याबाईंनी कधी सोडला नाही. म्हशी धुतल्या, शिंगांना तेल लावलं, गंगूच्या कपाळाला कुंकू. पुरणाचा घास भरवला. मग हळद-कुंकवाचं ताट घेऊन त्या गव्हाणीपाशी गेल्या. फिकट हिरव्या पत्र्यावर पाच बोटं ओढली, चारही चाकांना हळद लावली, नारळ फोडला. हे सगळं मला आवडत होतं, खोटं कशाला सांगू. नेहाही टाळ्या वाजवत होती.

संध्याकाळी मी फळ्या काढल्या तेव्हा आत्याबाई दारात उभ्या.

"आज नाही ओढायची."

"आत्याबाई, उद्या ती बाई येणार."

"पोळ्याला औताला हात लावत नाहीत. पुजलंय मी तिला."

"हे औत नाही, स्ट्रेचर आहे."

"पुजलं की औत." त्या शांतपणे म्हणाल्या. रोज माझ्याबरोबर मागून लोटणारी हीच बाई. "सकाळी उठल्याबरोबर ओढू. एका रात्रीनं काय होतं?"

गौतमकडं बघितलं. तो म्हणाला, "एका रात्रीनं काय होतं?" दोघांचं एकमत झालेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं, आणि ते यावर.

सकाळी गौतम बसनं कामाला गेला. मी फळी घेऊन गोठ्यात गेले, ब्रेकवर पाय मारला, पत्र्याची कड धरून ओढलं. हललं नाही. पुन्हा ओढलं. मग वाकून बघितलं. चारही चाकं अर्ध्यापर्यंत सिमेंटमध्ये बसवलेली होती. वर हळदीची बोटं तशीच.

मी तिथंच उकिडवी बसले. नेहा माझ्या मानेला लोंबकळत होती. रडू आलं नाही, हसूही आलं नाही. एवढंच मनात आलं की या घरात कोणाला काही सांगण्यात अर्थ नाही. सांगितलेलं ऐकतात, मान हलवतात आणि घमेलं उचलतात.

"मामा, हे काय केलं?"

मामा ओसरीवर दात घासत होते. चूळ टाकली. "हलत होती."

"हलायलाच पाहिजे तिनं. म्हणून तर केलीय."

"रात्रीच बसवली, चांगल्या दिवशी. पुजलेली होती, जागेवर होती. न्हाणी बांधताना उरलेलं सिमेंटचं पोतं होतं, वाया चाललं होतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्या बाईला दिसू दे की आम्ही इथं राहतो. रोज पळापळ करणारे लोक नाहीत आम्ही."

"तिला दिसलं की आपण सगळेच जाऊ इथून."

ते आत गेले. आत्याबाईंनी चाकांकडं बघितलं आणि पदर कंबरेला खोचला. "काय करायचं सांग."

गौतमच्या जुन्या मोटरसायकलचा पाना होता. प्रत्येक चाक एका नटावर होतं. मी नेहाला रिकाम्या गव्हाणीत बसवलं, तिथून तिला उतरता येत नव्हतं, आणि पाठीवर पडून खाली शिरले. पावसानं नट गंजले होते. पहिला निघेपर्यंत माझ्या बोटांची सालं गेली. केसांत शेण. वर नेहा पत्र्यावर हात आपटत होती, ढोलासारखं. आत्याबाई एकेक कोपरा खांद्यानं उचलून धरत होत्या आणि त्यांच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता.

चारही चाकं मागं राहिली आणि वरचं धड मोकळं झालं. पण बिनचाकाचे पाय चिखलात खुंट्यासारखे उतरले. मी चिडून कात्री मिटली. पाय पोटाखाली गेले, पत्रा चिखलावर आडवा झाला, आणि आत्याबाईंनी रागानं एक रेटा दिला तशी ती सरकली. गोल बूड, ओला चिखल. नेहा आत बसलेली, ती खिदळली. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. मग मी दावं बांधलं आणि ओढलं. फळी नाही, थांबणं नाही, ओसरीपर्यंत अशी आली जशी तिलाच यायचं होतं.

पण गोठ्यात ती चार चाकं राहिली होती, जमिनीतून अर्धी वर. आत्याबाईंनी टोपलीभर शेण आणून त्यांच्यावर ओतलं आणि हातानं सारखं केलं. तेवढ्यात फाटकात गाडी थांबली.

कमिशनरबाई पद्मावती नावाच्या, तिशीच्या, पायात शहरातल्या चपला. त्यांच्यामागून एकनाथकाका आणि सुमित. काका मामांसारखेच दिसतात, फक्त इस्त्री केलेले. बाईंनी म्हशी बघितल्या, दावणी बघितल्या, पडकी दगडी गव्हाण बघितली. ओसरीवरचं हिरवं प्रकरण बघून विचारलं, "ये क्या है?"

"चारा डालने का है मॅडम. उठाके रखते," मी म्हणाले.

"हलता क्या?"

मी दावं ओढून दाखवलं. हललं. त्यांनी लिहिलं. काकांचं तोंड उतरलं. सगळं झालं होतं. त्या वळल्याही होत्या.

"आणि चाकं दाखवा की," मामा म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. आत्याबाईंनी डोळे मिटले.

मामा गोठ्यात गेले आणि पायानं शेण बाजूला केलं. "ये मैंने बिठाया. मेरे हात से. छुपाने का क्या है? मैं चोर है क्या?" भावाकडं बघून मराठीत म्हणाले, "बापाच्या जमिनीत घमेलंभर सिमेंट ओतलं. काय करायचं ते कर."

"लिहा मॅडम, बांधकाम. हुकूम मोडला," काका म्हणाले. सुमितनं मोबाइल वर केला.

पद्मावती चाकांकडं वाकून बघत राहिल्या. हळद लावलेली चार चाकं, जमिनीतून वर आलेली. त्यांना काय वाटलं असेल देव जाणे. "अंकल, ये गाडी का है?"

"नक्को पूछो मॅडम," मी म्हणाले.

"देखो," त्या म्हणाल्या, "यहाँ जो है वो मैं लिखूँगी. मैं बीस मिनट और है. मेरे सामने निकाले तो वो भी लिखूँगी, के खुद निकाले. नहीं निकाले तो नहीं निकाले."

मामा हलले नाहीत. भावासमोर आपणच बसवलेलं आपणच उपटायचं, यापेक्षा जमीन जाऊ दे, असं त्यांच्या मानेच्या शिरेवर लिहिलेलं मला दिसत होतं. मी नेहाला आत्याबाईंकडं दिलं आणि कोपऱ्यातली पहार उचलली. ती माझ्या अंदाजापेक्षा जड निघाली. पहिला घाव सिमेंटवर न पडता चिखलात गेला आणि तोंडावर शिंतोडे उडाले. सुमित हसला. दुसरा घाव बसला. पोतं ओल लागलेलं होतं बहुतेक, कपचा निघाला.

"दे इकडं," मामा म्हणाले.

"राहू द्या. मी काढते."

"दे म्हटलं ना. सून जमीन उकरतीय अन् मी बघू?" त्यांनी पहार ओढून घेतली.

चारही चाकं त्यांनी काढली. कोणी मदत केली नाही, त्यांनी करूही दिली नसती. प्रत्येक घावाला त्यांच्या तोंडून हं असा आवाज निघत होता आणि सदरा पाठीला चिकटला होता. शेवटच्या चाकाला ते गुडघ्यावर बसले आणि हातांनी ओढून काढलं. एकनाथकाका आधी हाताची घडी घालून उभे होते. तिसऱ्या चाकाला सुमितला म्हणाले, "पुरे. ठेव तो फोन."

"पप्पा, प्रूफ आहे."

"ठेव म्हटलं."

बाईंनी लिहिलं, वाचून दाखवलं, दोघा भावांच्या सह्या घेतल्या. पाचही म्हशी हिम्मतरावांच्या, नवीन बांधकाम नाही, सिमेंट लावलेलं ते स्वतः काढलं. गाडी गेली. काका जाताना मामांकडं बघून काहीतरी म्हणणार होते, पण मामा तोपर्यंत हौदावर हात धुवायला गेले होते.

गौतम संध्याकाळी आला तो हातात खोका घेऊन. चेहरा फुललेला. "शिल्पा, बघ काय मिळालं. मोठी चाकं. रबराची. चिखलात पण..."

सकाळी काय झालं ते आत्याबाईंनी सांगितलं, अगदी थोडक्यात. तो ओसरीवर आला, बिनचाकाची गव्हाण बघितली, मिटलेले पाय बघितले.

"मग ही चाकं बसवू ना आता. मोठी आहेत."

"गौतम." सासू-सासऱ्यांसमोर मी त्याला अहो म्हणते, त्या दिवशी म्हटलं नाही. "खोका ठेव. ही गोठ्यात ने."

"चाकाशिवाय?"

"ने."

त्यानं चपला काढल्या, ऑफिसची पँट वर दुमडली आणि दावं धरून निघाला. ती सरकली. त्याला आश्चर्य वाटलं, मागं वळून बुडाकडं बघितलं. गोठ्यात नेऊन पाय उघडले, पुन्हा मिटले, ओसरीवर आणली. मी म्हटलं, परत ने. तिसऱ्या खेपेला दाव्यानं त्याच्या तळव्याला रेघ पाडली. त्यानं तळवा उघडून उजेडात धरला.

मामा खाटेवर बसले होते. सकाळपासून जेवले नव्हते. म्हणाले, "दावं नको. दांडा पाहिजे पुढं. आडवा."

"हां," गौतम म्हणाला. "पाइपचा लावतो. आणि कात्रीवर पत्र्याची टोपी टाकतो, पोरीचं बोट जाईल." खिशातून टेप काढला आणि माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. "सरळ उभी राहा. हात खाली सोड. दांडा किती उंचीवर पाहिजे तुला?"

मी नेहाला आत्याबाईंकडून घेतलं आणि कडेवर बसवलं. खांदा त्या बाजूला उतरला, दुसरा हात खाली आला.

"तिला ठेव ना खाली. माप चुकेल."

"असंच घे," मी म्हणाले. "मी अशीच ओढते."

त्यानं टेप माझ्या तळव्याला लावला आणि जमिनीपर्यंत सोडला.